वाळू उपशावर माहितीपट: आधी कागद की कॅमेरा?

बातमीदार_तालुका: दैनिकात महसूल बीट सांभाळतो. आता वाळू उपशावर ४० मिनिटांचा माहितीपट स्वतःच करायचाय. रात्रीचं चित्रण आधी उरकू की कागद गोळा करू? आणि उद्या आक्षेप आला तर फुटेज टिकेल कसं?

दप्तरी: कागद आधी. नदीवर कॅमेरा दिसला की गावभर होतं, मग कागद मिळेनासे होतात. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे लिलाव, वाहतूक पास आणि दंड यांचे अर्ज वेगळे. ‘बेकायदा उपसा किती झाला?’ असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, कारण तसा कागदच नसतो. जो कागद असतो तो मागा: अमुक वाळू गटाचा (लिलावात दिलेल्या नदीपट्ट्याचा) करारनामा, मंजूर ब्रास (वाळू मोजायचं माप), महिनावार पासची यादी, जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खालचे दंडाचे आदेश. कारण सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मोजपट्टी: ब्रासचा हिशेब स्वतः करा, माहितीपटाचा कणा तोच. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. ६० × २५ मीटरचा, सरासरी २ मीटर खोल खड्डा म्हणजे ३००० घनमीटर, सुमारे १०६० ब्रास. मंजुरी ४०० ची असेल तर प्रश्न आपोआप उभा राहतो. मात्र मोजणी पावसाआधीच. पुरात खड्डा गाळाने भरतो आणि ठेकेदार म्हणतो, ‘खड्डा कुठाय?’ सेंटिनेल-२ ची उपग्रह चित्रं फुकट असतात, पण १० मीटरच्या पिक्सेलवर पोकलेन शोधत बसू नका. काठ कुठे सरकला, एवढंच दिसतं. खोली तर नाहीच.

संकलक: फुटेजचं म्हणाल तर मूळ कार्डातली फाइल कापू नका, नावही बदलू नका. त्याच रात्री दोन डिस्कवर प्रती आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला ठसा; फाइल जराही बदलली की तोही बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. व्हॉट्सअॅपवरून मागवलेली क्लिप कॉम्प्रेस होऊन लहान होते, तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. दिव्यांखाली शूट असेल तर सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, नाहीतर चित्र लुकलुकतं.

दप्तरी: एक राहिलं. ठेकेदाराला आणि तहसीलदाराला लेखी प्रश्न पाठवा, मुदत लिहा, पोचपावती जपून ठेवा.

बातमीदार_तालुका: तिन्ही अर्ज सोमवारी टाकतो.