'प्युरिटन'ला 'कर्मठ' चालेल का?

– एका भाषांतरात 'प्युरिटन' आलाय. नीतीच्या बाबतीत अतिकडक, मजा-बिजा वर्ज्य, असा माणूस. सध्या 'कर्मठ' लिहून ठेवलंय पण खटकतंय. दुसरं काही सुचतंय का?

– खटकणारच हो. मराठीत कर्मठ म्हणजे ज्याचं स्नानसंध्या, उपासतापास, शिवाशिव सगळं शास्त्राप्रमाणे चालतं तो, म्हणजे सगळा जोर कर्मकांडावर, आणि इंग्लंडातले मूळ प्युरिटन तर कर्मकांडावरच उठलेले! चर्च ऑफ इंग्लंड पोपपासून वेगळं झालं तरी पाद्र्यांचे झगे, बाप्तिस्म्याला कपाळावर क्रूस काढणं, लग्नातली अंगठी हे तसंच राहिलं होतं, ते सगळं काढा आणि चर्च 'शुद्ध' करा असं यांचं म्हणणं, त्यावरून लोकांनी चिडवायला हे नाव ठेवलं. पुढे पार्लमेंटात त्यांचा जोर झाल्यावर १६४२ला नाटकं बंद, १६४७ला नाताळ बंद (बायबलात कुठे सांगितलाय म्हणून!), आणि तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९पासून नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड. असल्या माणसाला कर्मठ म्हटलंत तर वाचकाला पळी-पंचपात्र दिसणार.

बाय द वे, हिंदीत कर्मठ म्हणजे झटून काम करणारा, चक्क कौतुक. अमरकोशातही कर्मठ म्हणजे कर्मशूर. आपणच त्याला देवघरात नेऊन बसवलं.

माझं मत 'सोवळा'ला. तोही मुकटा नेसणाऱ्यांचाच शब्द, पण तो नीतीत केव्हाच शिरलाय, 'राजकारणात कोण सोवळा आहे' म्हणताना मुकटा कुणाला आठवतो? शिवाय त्यात टोमणा आहे, जो प्युरिटनमध्येही आहेच. फक्त ढोंगाचा वास जरा जास्त येतो.

– मग 'व्रतस्थ'?

– अजिबात नको. व्रतस्थ माणसाचं व्रत स्वतःपुरतं, तो दुसऱ्याच्या ताटात डोकावत नाही. प्युरिटन डोकावतो, तोच तर त्याचा त्रास.

– 'नीतिकठोर'?

– अर्थ बरोबर बसतो, पण बोलताना कोण म्हणतं असं? निवेदनात घाला, संवादात मात्र 'फार सोवळे आहेत हो ते' एवढंच पुरे. आणि मजकूर खुद्द त्या पंथाबद्दलच असेल तर कशाला खटाटोप, सरळ प्युरिटन ठेवा आणि खाली एक टीप द्या.