मदत हवी आहे: जादा वजन लावून मोड शेप (त्या-त्या फ्रिक्वेन्सीला पट्टी ज्या आकारात हलते तो) स्केल करताना दुसरा मोड जमत नाहीये

बडोद्यात कॉलेजच्या लॅबमध्ये स्टीलची कँटिलिव्हर (एकच टोक घट्ट धरलेली) पट्टी आहे, १ मीटर, ४० बाय ६ मिमी, वजन साधारण १.९ किलो. फोर्स मोजणारा हॅमर नाही, शेकर (पट्टी हलवणारं यंत्र) तर विसराच, म्हणून नुसतं टकटक करून मास चेंज पद्धत (माहीत असलेलं वजन लावून फ्रिक्वेन्सी किती बदलते त्यावरून मोड शेपचं माप काढायचं) धरलीय. टोकाला ६० ग्रॅमचं मॅग्नेट लावलं की पहिला मोड ४.९ वरून ४.६ हर्ट्झवर येतो, हिशोबात बसतं. दुसऱ्याचं (३० च्या आसपास) स्केलिंग मात्र दर वेळी वेगळंच येतं. सेन्सर दोन्ही वेळा तोच आणि तिथेच, क्लॅम्प परत घट्ट केला, रेकॉर्डही लांब घेतलं, काही फरक नाही. वजन वाढवावं तर शेपच बदलतो, कमी करावं तर शिफ्ट दिसत नाही. नोडजवळ (जिथे त्या मोडमध्ये पट्टी हलतच नाही), म्हणजे क्लॅम्पपासून ०.७८ लांबीवर लावून उपयोग नाही हे माहितीये. मग वजन दोन-तीन ठिकाणी वाटून लावू का, आणि एकूण पट्टीच्या किती टक्क्यांपर्यंत चालेल?