जुनी फायबर स्पीडबोट: ट्रान्समचं प्लायवूड कुजलंय, वरून मॅट मारून चालेल का?

खाडीकाठ:
१४ फुटी फायबर स्पीडबोट अंगणात घेतली आहे, ४० एचपी आउटबोर्डची. ट्रान्समवर (मागची, इंजिन लागतं ती फळी) हातोडीने ठोकलं की मधोमध बद्द आवाज येतो आणि इंजिनच्या बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी ओघळतं. वरून मॅट (काचतंतूंची चटई) मारून भागेल की प्लायवूड बदलावंच लागेल? ट्रान्सम दीड मीटर रुंद, अर्धा मीटर उंच आहे.

रेझिनरोलर:
वरून मॅट अजिबात नको. ओलं लाकूड आत कोंडलं जातं आणि कुजत राहतं, आणि इंजिनचा सगळा रेटा त्याच फळीवर येतो. आतल्या बाजूने ६ मिमीची भोकं पाडून भुसा बघा. काळा, ओला भुसा निघतो तिथवर लाकूड गेलं.

कापण्याआधी बोटीचा तळ टेकूंवर नीट बसवा. हे बहुतेक जण विसरतात. ट्रान्सम काढल्यावर तळाला बाक आला, तर नवीन फळी तो कायमचा पक्का करते आणि बोट वेगात पाण्यावर उचलून नीट धावत (प्लेन होत) नाही.

फायबरचा आतला थर ग्राइंडरने कापून काढा, बाहेरचा तसाच ठेवा; साचा आयता मिळतो. आयएस ७१० मरीन प्लायच्या १८ मिमीच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून बसवा, पण आधी जुनी जाडी मोजा, इंजिनचा ब्रॅकेट तेवढ्यातच बसतो. कडांच्या कोपऱ्यात पुट्टीची गोलाई द्या. काटकोनात मॅट वळत नाही, मागे हवा राहते.

४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) चार थरांना नुसत्या ट्रान्समपुरती सुमारे १.३५ किलो मॅट आणि तिच्या अडीचपट, म्हणजे ३.४ किलो पॉलिएस्टर रेझिन. थर तळावर आणि बाजूंवर १५ सेंमी तरी चढवायचे, म्हणून दोन्ही दीडपट आणा.

नाळीपाशी:
हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. उन्हाळ्यात १ टक्क्याजवळ राहा, पण त्याखाली जाऊ नका, रेझिन कायमचं कच्चं राहतं. एका वेळी अर्धा किलोच कालवा. कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारा) वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. डोळ्यांवर गॉगल हवाच. पावसाळी दमट हवेत हे काम काढू नका.

खाडीकाठ:
पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरू का? आणि तरंगण्यासाठी आत थर्माकोल भरला तर?

रेझिनरोलर:
इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतो, पण त्यावर साधा जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) नीट बसत नाही. मग दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंगच द्यावा लागेल. मॅटही इपॉक्सीला चालणारी घ्या, कारण साध्या मॅटचा बाइंडर (तंतू धरून ठेवणारा डिंक) पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्येच विरघळतो.

थर्माकोल नको, पॉलिएस्टरमधलं स्टायरीन तो खाऊन टाकतं. बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम भरा.

नाळीपाशी:
पाणी शिरलं ते बोल्टच्या भोकांतून, तेव्हा तिथे कसूर नको. १२ मिमीच्या बोल्टसाठी २० मिमीचं भोक पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकल्यावर मधोमध १२.५ मिमीचं ड्रिल मारा. लाकूड कुठेच उघडं राहत नाही. बोल्ट सीलंट लावूनच कसा.