अंध लिपिकाच्या नशिबी आवक-जावकच का?

मिरजवाला: सांगली जिल्ह्यातल्या एका महसूल कार्यालयात (नाव नको) दिव्यांग आरक्षणातून एक दृष्टिहीन मुलगा लिपिक म्हणून लागलाय. हजर झाला त्या दिवसापासून आवक-जावक, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांची नोंद. तेही नावालाच, नोंद दुसराच करतो, हा फोन उचलतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आरक्षण 3 वरून 4 टक्क्यांवर गेलं. त्याच कायद्याच्या कलम 20 प्रमाणं कामाला लागणाऱ्या सोयीही सरकारी आस्थापनेनंच द्यायच्या आहेत. त्याला संकलन, म्हणजे एखाद्या विषयाच्या फाईली सांभाळायचं टेबल द्या, टिपण्या लिहू द्या.

भाऊसाहेब विटेकर: बोलायला काय जातंय? आमच्याकडं एकेकाच्या गळ्यात तीन-तीन टेबलं आहेत. फाईल चुकली की रावसाहेब (तहसीलदार) बोलावतात मला, खुलासा माझ्या नावानं. आणि दिव्यांगत्वाच्या बोगस प्रमाणपत्रवाल्यांबद्दल कोणीच बोलत नाही.

मिरजवाला: बोगसवाल्यांना घरी पाठवा, कोण अडवतंय? त्यांचा राग या पोरावर कशाला?

कऱ्हाडची लिपिक: मी अंशतः अंध. कार्यालय सातारा जिल्ह्यात, टेबल अर्थातच फोनचं. स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट मिळतं, युनिकोड मराठी वाचतं. आमच्याकडं पत्रं अजून जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत सगळी इंग्रजी अक्षरं, कानात नुसती खिचडी. मग त्याची प्रिंट, सही-शिक्का, मोबाइलवर फोटो आणि फोटो ग्रुपवर. फोटो माझ्यासाठी मुका. युनिकोडमधली मूळ फाईल सोबत टाका, एवढीच मागणी होती. ‘बघू’ म्हणाले.

आणि महसूल अर्हता परीक्षा पास झाल्याशिवाय लिपिकाला बढती मिळून अव्वल कारकून होता येत नाही. फोन उचलून 1966 ची जमीन महसूल संहिता कशी कळणार?

भाऊसाहेब विटेकर: फाँटचं पटलं, ताई. पण जुने फेरफार, जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी? हातानं लिहिलेले, काही तर मोडीत. डोळसालासुद्धा वाचता येत नाहीत.

कऱ्हाडची लिपिक: रेकॉर्ड रूम मागितलीय कोणी? माहिती अधिकाराचे अर्ज द्या. 30 दिवसांची मुदत सांभाळायची, उत्तराचा मसुदा करायचा. अर्ज कोणीतरी एकदा वाचून दाखवला की पुढचं मी बघते.

जतकर: शिकण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडं आयगॉट कर्मयोगीचा (सरकारी कर्मचाऱ्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण) व्हिडिओ लावून मोबाइल टेबलावर पालथा ठेवतात आणि चहाला जातात. प्रमाणपत्र येतंच! इकडं जतच्या पूर्व भागातला अर्जदार कानडीत बोलतो, तेव्हा आमचा दुभाषी म्हणजे शिपाई. निम्म्या कार्यालयाचं काम त्याच्या जिभेवर चालतं, तो मात्र शिपाई म्हणूनच रिटायर होणार.

मिरजवाला: कलम 23 खाली प्रत्येक सरकारी आस्थापनेनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्या मुलाला लेखी अर्ज करायला सांगतो.

भाऊसाहेब विटेकर: नको. ‘नवीन आलाय आणि तक्रारखोर’ असा शिक्का बसेल. त्यापेक्षा महिनाभर माझ्यासारख्याच्या शेजारी बसवा, मी शिकवतो. पण मसुदा त्याचा आणि खुलासा माझा असं असेल, तर माझी ना आहे.

कऱ्हाडची लिपिक: खुलासा त्यालाच मागा की! मला आजवर एकदाही कारणे दाखवा नोटीस आलेली नाही. काम चोख म्हणून नव्हे, दिलंच नाही म्हणून.