फ्लॅटला कुलूप लावून हरसूलच्या जंगलात एकट्याने राहायला जाणं: काय म्हणता?

पाथर्डीफाटा४०२
पुढच्या वर्षी व्हीआरएस घेतोय. उमेदीची सगळी वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या शेडमध्ये गेली. मुलगी नोकरीला लागली, घराचे हप्ते संपले. आता फ्लॅट बंद करून वाघेरा घाटापलीकडे, हरसूलच्या बाजूला, वस्तीपासून लांब जंगलाच्या कडेला एकट्याने राहायचं मनात आहे. एक खोली, सोलर, चार वाफे भाजीचे. बायको म्हणते, तू जा, मी शनिवार-रविवार येईन, पण संडास पक्का बांध. मित्र मात्र वेड्यात काढतात.

माझं म्हणणं इतकंच की एकटा तर मी इथेही आहे. समोरच्या दारात कोण राहतं ते नेमप्लेट वाचून कळलं. बाकी हायवेचे हॉर्न आणि सकाळी घंटागाडीचं गाणं. गप्प बसायला जागा हवी असेल तर शहराबाहेर पडण्यात चूक काय?

तिरकस_पंचवटीकर
चूक काही नाही. फक्त आमच्याकडे वनवासाला आले ते तिघं होते, एवढं लक्षात असू द्या.

सातबारा
चूक-बरोबर नंतर. आधी जागा कुठून आणणार? कुळकायद्याच्या (१९४८) कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. त्या पट्ट्यातली बरीचशी जमीन आदिवासींची. तिला महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं, म्हणजे परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला देता येत नाही. उरलेलं जंगल वनखात्याचं, आणि राखीव वनात खोली बांधली तर सरळ गुन्हा.

पाथर्डीफाटा४०२
मालकीची हौस नाही हो. भाड्याने घेईन.

सातबारा
३६अ मध्ये भाडेपट्टाही येतो. पाच वर्षांपर्यंतचा असला तरी आधी कलेक्टरची परवानगी. स्टँपपेपरवर 'समजुतीचा करार' करून देणारे एजंट भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. त्यात शेवटी मूळ मालकच अडकतो. गावठाणात रीतसर खोली मिळू शकेल, पण मग 'वस्तीपासून लांब' हे विसरा.

नागलीची_भाकरी
मी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा, सध्या सातपूरला कामाला. काका, राग मानू नका, पण तुम्हाला जे मोकळं जंगल दिसतं ते मोकळं नाही. अमकी मोहाची झाडं कोणी वेचायची, तमक्या उतारावर कोणाची गुरं, राबासाठी (रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला) पालापाचोळा कोणी कुठून आणायचा, हे सगळं ठरलेलं असतं. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवतो ते ठिकाणही तुमच्या 'निवांत जागे'तच निघेल. ही जमीन नावावर व्हावी म्हणून २०१८ च्या मार्चमध्ये आमच्याकडची माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याला तेव्हा बारा वर्षं होत आली होती.

दुसरं पाणी. पावसात नार, पार, दमणगंगा दुथडी भरून पश्चिमेला जातात, आणि एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी उतरून बाया वाटीने हंडा भरतात. काळा कातळ पाणी धरत नाही. पोरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात ती हौस म्हणून नाही. तुम्ही आलात की त्या विहिरीवर आणखी एक हंडा.

गच्चीवरची_बाग
हंड्याचा मुद्दा मला पटत नाही. आकडे मांडा. तिकडे पाऊस साधारण २००० मिलिमीटर. ३० चौरस मीटरच्या पत्र्यावर तेवढा पडला तर ६०,००० लिटर होतात. एकट्या माणसाला दिवसाला ४० लिटर धरले तरी कोरड्या आठ महिन्यांना १०,००० लिटरची टाकी पुरते. पन्हळ लावा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, विहिरीकडे फिरकायचं कामच नाही. शहराचा माणूस गेला की ओझंच होतो हे काही खरं नाही.

नागलीची_भाकरी
दादा, हिशोब बरोबर आहे. पण मे महिन्यात सगळ्या पाड्याच्या विहिरी आटल्यावर भरलेल्या टाकीला तुम्ही कुलूप लावाल का? नाही लावलं तर आठ दिवसांत संपेल. लावलं तर पाड्यावर तुम्हाला कोण काय समजेल ते मी सांगायला नको.

सिस्टर_निवृत्त
सगळे बिबट्याला घाबरतात. बिबट्या तर गंगापूर रोडच्या कॉलनीतही शिरून गेला. मी घाबरते मण्यारीला. रात्री अंथरुणात येते. चावा दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, माणूस ॲसिडिटी समजून पाणी पितो. मग पापण्या उचलेनाशा होतात, जीभ जड, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. लस तर लागतेच, पण अशा वेळी व्हेंटिलेटरही लागतो, आणि तुमच्या जागेपासून नाशिक चाळीसेक किलोमीटर, मध्ये घाट. 'अहो, तुमचे डोळे असे का दिसतायत?' असं विचारणारं घरात कोणीतरी लागतं. पलंग, मच्छरदाणी, गादीखाली नीट खोचलेली, यावर तडजोड नको.

आणि जाता जाता, हाच धागा एखाद्या बाईने काढला असता तर चर्चा सातबाऱ्यापर्यंत पोचलीच नसती. घर कोण सांभाळणार, इथेच अडकली असती.

पाथर्डीफाटा४०२
सिस्टर, मच्छरदाणी नक्की. टाकीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण सगळ्यांचा सूर 'पाड्यात मिसळून राहा' असा आहे, आणि मला नेमकं तेच नकोय. सोसायटीच्या मीटिंगमधून सुटून गावकीत का अडकू?

तिरकस_पंचवटीकर
मग गिरणाऱ्याच्या टोमॅटो मार्केटमागे खोली घ्या. सीझन संपला की तिकडेही कोणी विचारत नाही.

नागलीची_भाकरी
काका, गावकी नको तर नको. पण आधी आषाढ काढून बघा. आमच्या जुन्या घराची पडवी रिकामी आहे, कारवीचा कुड, शेणाने लिंपलेला. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, सोलर मान टाकतं, कपडे चुलीवर वाळवावे लागतात आणि धुराचा वास अंगाला राहतो. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं. आई बोलते भरपूर, ते मात्र सहन करावं लागेल.

पाथर्डीफाटा४०२
भाडं किती घ्याल?

सातबारा
लेखी करू नका, पाहुणे म्हणून जा.