शब्दचर्चा: भाकीत, अंदाज, अनुमान आणि 'नियंत्रण'

मंडळी, एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे. माझी भाची गणितात पीएचडी करते. साथीचे रोग, शहरातली वाहतूक, स्थलांतर अशा प्रश्नांची गणिती मॉडेलं बांधणारा त्यांचा छोटा गट आहे. त्यांना निधीसाठी अर्ज करायचा आहे आणि सोबत सर्वसामान्य वाचकासाठी मराठीत सारांश द्यायचा आहे. तिने पाठवलेलं पहिलं वाक्य असं: "जटिल सामाजिक समस्यांचे पूर्वानुमान व नियंत्रण करण्यासाठी गणितीय संशोधनास अर्थसाहाय्य." खाली लिहिलं होतं, "मावशी, एवढं नीट करून दे."

व्याकरणात चूक नाही. पण मोठ्याने वाचलं की वाटतं, समाज म्हणजे एखादं यंत्र आहे आणि त्याची कळ कुणाच्या तरी हातात द्यायची आहे.

'जटिल'चा प्रश्न लवकर सुटला, 'गुंतागुंतीचे' पुरे. (गटातल्या कुणीतरी 'संमिश्र समस्या' लिहिलं होतं. गणितात 'complex number'ला 'संमिश्र संख्या' म्हणतात, त्यावरून ते आलं असणार. इथे त्याने अर्थच बदलतो.) खरी अडचण 'पूर्वानुमान'ची. तो हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आला असावा. मराठीत हवामान खातं 'अंदाज' देतं. नुसतं 'अनुमान' मला आवडतं, कारण त्यात कारण दडलेलं आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग असणार. पण ती आग आत्ता आहे, पुढच्या महिन्यातली नाही.

मग उरतं 'भाकीत'. शाळेच्या पुस्तकातून ते आपल्या कानात बसलंय: मेंडेलीव्हने न सापडलेल्या मूलद्रव्यांचं भाकीत केलं, हॅलेने १७०५ मध्ये लिहिलं की धूमकेतू १७५८ साली परत येईल, आणि तो त्या वर्षाच्या डिसेंबरात दिसला. तिथे शब्द चपखल बसतो, कारण हॅले काय म्हणाला हे धूमकेतूला कळत नव्हतं. माणसांना कळतं. ती वाचतात आणि वागणं बदलतात.

हे मी जवळून पाहिलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने करोनाच्या साथीवर नेमलेल्या समितीने आपले निष्कर्ष सांगितले. हैदराबाद आयआयटीचे एम. विद्यासागर अध्यक्ष होते, कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि लष्करातल्या डॉक्टर, आपल्या माधुरी कानिटकर सोबत होत्या. मॉडेलचं नाव 'सूत्र'. त्यांचं म्हणणं असं, की सप्टेंबरातलं शिखर ओलांडलं आहे, आणि सगळ्यांनी नियम पाळत राहिलं तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल. आमच्या शेजारच्या वहिनींनी एक कात्रण फ्रिजवर चिकटवलं: "फेब्रुवारीत करोना संपणार". त्यात 'तर' नव्हतं, 'पाळत राहिलं' नव्हतं. त्यांनी लेकीच्या लग्नाला एप्रिलची तारीख धरली, कार्यालयाचा विसार दिला. मेच्या पहिल्या आठवड्यात देशात दिवसाला चार लाखांहून जास्त रुग्ण निघाले. लग्न झालं ते एप्रिलच्या शेवटी, सरकारी नियमाप्रमाणे पंचवीस माणसांत, दोन तासांत. वहिनींचे भाऊ येऊ शकले नाहीत.

सगळा दोष मथळ्याचा नव्हता. नवा विषाणूप्रकार त्या गणितात नव्हता. दुसऱ्या लाटेची उंची चुकल्याचं त्या शास्त्रज्ञांनी पुढे स्वतः जाहीरपणे मान्य केलं, आणि मला त्याचा आदर वाटतो. पण 'भाकीत' आणि 'जर-तर अंदाज' यांतला फरक आपल्या भाषेत रुजलेला असता, तर ते कात्रण निदान वेगळं वाचलं गेलं असतं. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद, कोल्हापूरहून:

ताई, 'भाकीत'चं सख्खं भावंड आमच्याकडे अजून जिवंत आहे: 'भाकणूक'. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भाकणूक सांगणारे फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम हा विधी खेळतात, भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं आणि मग भाकणूक होते. पाऊस कसा पडेल, धान्याचा भाव काय राहील. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती ऐकली आहे. तिथे "कसं कळलं?" असं कुणी विचारत नाही. तो श्रद्धेचा भाग आहे आणि त्या जागी तो योग्यच आहे. पण पैसे मागणाऱ्या संशोधकाला "कसं?" हा पहिला प्रश्न विचारता आला पाहिजे. म्हणून भाचीच्या अर्जात 'भाकीत' नको. 'अंदाज' बरा: तो फारसीतून आलाय, पण आपल्या आजीच्या हातातही आहे. भाकरीच्या पिठात पाणी अंदाजानेच घालतात, आणि पीठ सैल झालं तर पुन्हा पीठ घालतात.

प्रतिसाद, मुंबईहून (गणित शिकवतो):

'नियंत्रण'बद्दल. आग आटोक्यात येते, साथ आटोक्यात येते. पंख्याच्या वेगाला 'नियंत्रण' म्हणा, माणसांच्या गर्दीला नको.

या गणिताचं एक मूळ आपल्याच शहरात आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये साथीच्या गणितावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातला आलेख आहे मुंबईच्या प्लेगचा, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्यागणिक मृत्यू. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली होती. टिंबं म्हणजे आपली माणसं आणि त्यांतून जाणारी रेघ म्हणजे समीकरण. वर्गात तो आलेख काढताना मी दर वेळी हे सांगतो. त्या निबंधाने दाखवलं की साथ थांबायला सगळ्यांनाच लागण व्हावी लागत नाही. लागण होऊ शकेल अशा लोकांची संख्या एका पातळीखाली गेली की ती ओसरते. त्या पातळीला इंग्रजी पुस्तकात 'थ्रेशोल्ड' म्हणतात. मी 'उंबरठा' म्हणतो, पोरांना लगेच कळतं. साथ आटोक्यात ठेवणं म्हणजे काय, तर ही संख्या उंबरठ्याच्या वर जाऊ न देणं.

आणि निधीचं. "गणिताला पैसा कशाला, वही-पेन्सिल तर लागते" हे मी अनेकदा ऐकलंय. गणितज्ञांसाठीच्या 'मॅट्रिक्स' योजनेत वर्षाला २ लाख, तीन वर्षं, एवढंच मिळायचं. पण महाग असते ती विदा, म्हणजे डेटा. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन विभागांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांत करोनाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) निघाली आणि बाहेर १६ टक्क्यांत. त्यात टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि महापालिका दोघीही होत्या. घरोघर जाऊन सुई टोचणारी माणसं नसती, तर कितीही हुशार समीकरण अंधारात राहिलं असतं. भाचीला सांगा, अर्जात मॉडेलपेक्षा विदेसाठी जास्त मागा.

पुन्हा मी:

दोघांचेही मनापासून आभार. 'उंबरठा' मी उचलतेय. 'अर्थसाहाय्य'च्या जागी 'अनुदान' लिहून पाहिलं, पण गाळलं, त्या शब्दाने कांदा आणि विनाअनुदानित शाळा आठवतात. आता वाक्य असं झालंय:

"साथी, वाहतूक, स्थलांतर यांसारखे गुंतागुंतीचे सामाजिक प्रश्न कोणत्या परिस्थितीत कुठलं वळण घेऊ शकतात याचे जर-तर अंदाज बांधणे, आणि ते आटोक्यात ठेवायला नेमका कुठे हात घालावा हे शोधणे, यासाठीच्या गणिती संशोधनाला निधी हवा आहे."

भाची म्हणते, 'जर-तर' परीक्षकांना कच्चं वाटेल. मराठीत "जर-तरच्या गोष्टी नकोत" असंच म्हणतात ना. तिने 'सशर्त अंदाज' सुचवला. मला त्यात सशर्त जामीन ऐकू येतो. तिसरा शब्द कुणाला सुचतोय का? अर्ज शुक्रवारी जायचा आहे.