मुरलीसाठी नियम वाकवला?

वर कुणीतरी लिहिलंय, की श्रीलंकेचा फिरकीपटू मुरलीधरनसाठी आयसीसीने (क्रिकेटची जागतिक संघटना) गोलंदाजी करताना कोपर सरळ करण्याबद्दलचा नियमच वाकवला. अहो, आधी फिरकीला ५ आणि वेगवान गोलंदाजांना १० अंशांपर्यंत कोपर सरळ करायची सूट होतीच. २००४ मध्ये मोजणी केली तर बहुतेकांचा हात थोडाफार सरळ होतो असं निघालं, म्हणून २००५ पासून सरसकट १५. मोजतात ते कोपर किती वाकलंय हे नव्हे. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत ते किती सरळ होतं हे. मुरलीचा हात तर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. १९९५ च्या बॉक्सिंग डे कसोटीत पंच डॅरेल हेअरने त्याला ७ नोबॉल दिले, तेही गोलंदाजाच्या टोकाला उभं राहून! तिथून कोपर दिसणार कप्पाळ? 'दूसरा'चं, म्हणजे त्याच्या उलट्या दिशेने वळणाऱ्या चेंडूचं, मात्र वेगळं. तो २००४ च्या तपासणीत तेव्हाच्या ५ अंशांबाहेर गेला होता, तिथे मी वाद घालणार नाही.